मालदांडी ज्वारी दिव्याखाली निसवेना (कणीस बाहेर येईना), मदत हवी आहे

मंडळी, रान आष्टी तालुक्यात, बीड जिल्हा. २८ सप्टेंबरला दोन एकर मालदांडी पेरली. संक्रांत झाली, रान हुरड्याला आलंय, पाहुणे भाजून खाऊन गेले. पण गोठ्याच्या अंगाला आठ-दहा तासं (ओळी) अजून नुसती पानं काढतायत. धांडं अंगठ्याएवढं, हात वर केला तरी शेंड्याला पुरत नाही. एक ताट उभं चिरून बघितलं, तर पोटरीत (कणीस धरतं त्या शेंड्यात) पानाच्या आत पानच.

पेरणीनंतर आठवड्यात बिबट्याच्या भीतीनं गोठ्यावर मोठा एलईडी लावलाय, तो रात्रभर चालू असतो (लाईट असली तर). भाऊ म्हणतो दिव्याचा काय संबंध, गोठ्याचं मूत तिकडंच झिरपतं, नत्रानं माजलीय. आबा वेगळंच सांगतात. त्यांनी एकदा कडब्यासाठी शाळू (हीच रब्बी ज्वारी) मृगातच पेरला होता, तोही असाच माजला, कणीस दिसायला दसरा उलटला. तेव्हा तर गोठ्यावर कंदीलसुद्धा नव्हता!

मग हे दिव्यानं की खतानं? आणि आता दिवा बंद केला तर कणसं येतील का?

उत्तर:
आबांच्या शाळूतच उत्तर आहे. मृगात आपल्याकडं दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबर संपता संपता बाराच्या खाली जातो, डिसेंबरात अकरावर येतो. शाळू रात्र मोजतो. रात्र पुरेशी लांबली की शेंड्यात पानाऐवजी कणीस घडायला लागतं, तोवर पानं आणि पेरं वाढतच राहतात. रात्री उजेड पडला की त्याच्या हिशेबी रात्र संपली. खरिपाच्या संकरित ज्वारीला याचं एवढं वावडं नाही, म्हणून ती जूनला पेरूनही वेळेत निसवते.

दिवा बंद करून आता कणीस निघेलही, पण महिन्यावर वेळ जाईल, पुढं दाणा भरायला ओल कुठली? हिरवी आहे तोवर वैरण करा.

खताची शंका फेडायची तर उजेडात कशाची सावली पडते का बघा. तिथली ताटं निसवलीत का?

धागाकर्ता:
बघून आलो. पाण्याच्या टाकीमागं, गोठ्याला अगदी खेटून, ११ ताटं सावलीत आहेत. सगळी निसवलेली, दाणा चिकात. भावाला नेऊन दाखवलं. म्हणतो, टाकी गळते ना, म्हणून.