ऑफिसमधून भरदुपारी लॅपटॉप गेले, आधी काय सुधारायचं?

बाणेर_ॲडमिन
नमस्कार मंडळी. आमचं ३४ जणांचं ऑफिस आहे, कमर्शियल बिल्डिंगचा तिसरा मजला, खाली एक वॉचमन काका आणि त्यांचं रजिस्टर. गेल्या मंगळवारी लंच टाइममध्ये दोन लॅपटॉप गेले. फुटेजमध्ये दिसतंय की सॅक लावलेला एक माणूस आमच्याच एका मुलाच्या मागोमाग आला, मुलाने त्याच्यासाठी दार धरलं, आणि चार मिनिटांत तो बाहेर. टोपीमुळे चेहरा दिसत नाही.

हे फुटेज सापडायलाच दोन दिवस लागले कारण डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचं) घड्याळ पावणेदोन तास मागे, आम्ही भलतीच वेळ बघत बसलो. आणि त्या दोन दिवसांत सगळ्यांनी सफाईच्या मावशींकडे बोट दाखवलं. सहा वर्षं आहेत त्या आमच्याकडे. त्यांची पिशवी सगळ्यांसमोर उपसली, मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही, ते फार लागून राहिलंय मनाला.

आता सर म्हणतात अजून आठ कॅमेरे लावू आणि मावशींची पिशवी रोज चेक करू. मला दोन्ही पटत नाही पण पर्याय काय द्यायचा ते कळत नाहीये. दाराला फिंगरप्रिंट मशीन आणि ईएम लॉक आहे. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

वायरिंगवाला
ताई, मी पिंपरीत हीच कामं करतो, १४ वर्षं झाली. आठ कॅमेऱ्यांचे पैसे आधी दारावर घाला. ईएम लॉक म्हणजे लोहचुंबक, करंट गेला की दार उघडं, आग लागली तर माणसं अडकू नयेत म्हणून ते तसंच असतं आणि तसंच पाहिजे. पण बॅटरी बॅकअप नसेल तर पॅसेजमधला एमसीबी, म्हणजे करंट तोडायचा स्विच, कुणी पाडला की काम झालं. तुमच्या मजल्याचा एमसीबी बॉक्स कुठे आहे बघा, बऱ्याच बिल्डिंगमध्ये तो बाहेर बिनकुलपाचा असतो.

दुसरं, लॉकची वायर बाहेरच्या फिंगरप्रिंट मशीनमधूनच जाते का ते इंस्टॉलरला विचारा. तसं असेल तर मशीन भिंतीवरून उपटून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं, बोट लागतच नाही. कंट्रोलर, म्हणजे लॉकचा करंट चालू-बंद करणारा डबा, आतल्या बाजूला पाहिजे. आतून बाहेर पडायला पुश बटण आणि काच फोडून करंट तोडायचा लाल डबा हे दोन्ही ठेवाच, आणि चोरी झाली म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप घालायचा विचार कुणी केला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

डीव्हीआर रिसेप्शनच्या टेबलाखाली असेल तर हलवा. चोर तोच उचलून नेतात. आत, कुलपात.

नगरकर७२
एफआयआर केली का? ऑनलाइन हरवल्याची नोंद म्हणजे एफआयआर नाही, ती चोरीला चालत नाही. फुटेज पेन ड्राइव्हवर काढून ठेवा नाहीतर त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढेल, आणि कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, १ जुलै २०२४ च्या आधी ते जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब होतं. घड्याळ चुकलेलं होतं हेही तक्रारीत लिहून द्या, लपवू नका.

इन्शुरन्सचा कागद नीट वाचा. बर्गलरी पॉलिसीत बऱ्याचदा जबरदस्तीने आत शिरल्याची अट असते, २००४ ला सुप्रीम कोर्टानेही अशा पॉलिसीत तोडफोड वा बळजबरी नसेल तर क्लेम नाही असंच धरलं. तुमच्याकडे तर दार धरून आत घेतलंय, त्यामुळे साध्या चोरीचं कव्हर आहे का ते आधी विचारा.

गार्ड एजन्सी बदलणार असाल तर २००५ च्या पसारा (PSARA, खासगी सुरक्षा एजन्सींच्या) कायद्याखालचं लायसन्स मागा. पण मी म्हणेन काकांना आधी एक खुर्ची, इंटरकॉम आणि कुणाला वर सोडायचं याची स्पष्ट सूचना द्या. नुसतं रजिस्टर लिहून काय होतं, त्यात कुणी काहीही नाव लिहितं.

उशिराची_लोकल
मला वेगळं सांगायचंय. सुरक्षा म्हणजे फक्त लॅपटॉप नाही. तुमच्याकडे मुली रात्री थांबतात का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९:३० ते सकाळी ७ स्त्रीला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि संरक्षण, घरी सोडायची सोय मालकाने करायची असते. आमच्याकडे पार्किंगमधली ट्यूब चार महिने बंद होती आणि सगळे कॅमेरे मात्र आमच्या डेस्कवर रोखलेले, म्हणजे लक्ष कुणावर ठेवायचं हे ऑफिसने ठरवूनच टाकलेलं. ट्यूब बदलायला किती पैसे लागतात हो?

आणि पिशवी चेक करायचीच तर सरांपासून सगळ्यांची करा, नाहीतर कुणाचीच नको. दार धरून ठेवलेल्या मुलालाही बोलू नका, दार तोंडावर बंद करणं आपल्याला जमत नाही, म्हणून "कुणाकडे आलात, मी बोलावते" हे वाक्य सगळ्यांना शिकवा.

बाणेर_ॲडमिन
खूप आभार सगळ्यांचे. आज बघितलं, एमसीबी खरंच पॅसेजमध्ये आहे, उघडा. बॅटरी आहे पण मेलेली. नऊ लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालूच नाही, चोरीला गेलेल्या दोनपैकीही एकावर नव्हतं, त्यामुळे त्यावरचे सगळे पासवर्ड आज बदलले. एफआयआर झाली.

आठ कॅमेऱ्यांचं सरांनी सोडलं. मावशींना केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणतो म्हणाले. मी म्हटलं, पिशवी सगळ्यांसमोर उपसली ना, मग माफीही सगळ्यांसमोर. उद्या लंचच्या आधी मागणार आहेत.