मदत हवी आहे: क्लच पूर्ण दाबूनही सुटत नाही

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. चालू केलं की पहिला पडत नाही आणि रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. पेडल भराभर दोन-तीनदा मारलं तर गिअर पडतो, पण तसंच दाबून धरलं की गाडी हळूहळू पुढे सरकायला लागते.

क्लचच्या डॉट 4 ऑइलची (ब्रेक फ्लुइड) पातळी बरोबर आहे. पेडलजवळ मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) पुशरॉड कोरडा, स्लेव्ह सिलिंडरचं (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवतो तो) रबर बूट उचलून पाहिलं, तेही कोरडं. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला आहे. निपलला पारदर्शक नळी लावून ब्लीड केलं (ऑइलमधली हवा काढली), आता बुडबुडे येत नाहीत. तरी स्लेव्हचा पुशरॉड जेमतेम 8 मिमी सरकतो आणि पेडल धरून ठेवलं की मागे येतो.

गळती नसताना रॉड मागे येतो, म्हणजे मास्टरचं सील आतून ऑइल सोडतंय असा माझा अंदाज. पण मास्टर ते स्लेव्ह जाणारी रबर होजही (ऑइलची नळी) फुगत असेल का? होज क्लॅम्पने दाबून पेडल कडक होतंय का बघावं, की जुन्या होजला त्याने इजा होईल? रॉडच कमी सरकतोय, त्यामुळे क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स एवढ्यात उतरवायचा नाही. मास्टरला फक्त सील किट पुरेल की अख्खा बदलावा?