जे खपतं तेवढंच करायचं? यूबीसॉफ्ट, तीन मालिका आणि पुणे

जुनी_डिस्क
दुसऱ्या धाग्यावर भिडस्त यांनी लिहिलंय, "यूबीसॉफ्टला उशिरा का होईना अक्कल आली. असॅसिन्स क्रीड, फार क्राय, रेनबो सिक्स ही तीन दुभती जनावरं सांभाळावीत, बाकीचा पसारा आवरावा." उत्तर लांबलं म्हणून इथे वेगळं लिहितोय. (यूबीसॉफ्ट म्हणजे व्हिडिओ गेम बनवणारी फ्रेंच कंपनी, आणि ही तिन्ही तिच्या गेमच्या मालिकांची नावं.)

ही दुभती जनावरं आली कुठून? प्रिन्स ऑफ पर्शिया मालिकेतल्या २००३ च्या सॅंड्स ऑफ टाइमनंतर यूबीसॉफ्टच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओची टीम त्याच मालिकेचा पुढचा गेम करत होती. टीमचे क्रिएटिव्ह डायरेक्टर पॅट्रिस देझिले यांनी राजपुत्राला बाजूला सारून मारेकऱ्याला नायक केलं. तो काही प्रिन्सचा गेम राहिला नाही, म्हणून २००७ मध्ये असॅसिन्स क्रीड या नावाने आला. म्हणजे आज ज्या तीन मालिकांच्या वेगळ्या काढलेल्या कंपनीत टेन्सेंट या चिनी कंपनीने १.१६ अब्ज युरो घालून पाव हिस्सा घेतला, त्यातली सगळ्यात मोठी मालिका जुन्या मालिकेचं ऐकलं नाही म्हणून जन्माला आली. तेव्हा कुणी "सिद्ध झालंय तेवढंच करा" म्हटलं असतं तर?

आणि आता बघा. जानेवारी २०२४ मध्ये यूबीसॉफ्टच्या फ्रान्समधल्या माँपेलियेच्या टीमने प्रिन्स ऑफ पर्शियाचा नवा गेम, द लॉस्ट क्राउन दिला. इतका नेटका गेम यूबीसॉफ्टकडून कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याच वर्षी ती टीम मोडली. याला आवरणं म्हणायचं?

भिडस्त
माझं वाक्य दिलंत, पुढचं गाळलंत. पैसे कुणाचे बुडाले तेही लिहा. यूबीसॉफ्टचेच दोन नवे गेम घ्या: स्कल अँड बोन्स २०१७ मध्ये जाहीर झाला, २०२४ मध्ये आला. एक्सडिफायंट मे २०२४ मध्ये सुरू, जून २०२५ मध्ये सर्व्हर बंद. नव्याचा सोस असाच महागात पडतो आणि शेवटी नोकऱ्या जातात त्या खालच्या लोकांच्या. जपानची गेम कंपनी कॅपकॉम बघा. रेसिडेंट एव्हिल, स्ट्रीट फायटर, मॉन्स्टर हंटर. त्याच त्या मालिका, पण मन लावून केलेल्या. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या महिन्याभरात एक कोटी प्रती गेल्या.

आणि लॉस्ट क्राउन तुम्ही पूर्ण किमतीला घेतलात का? की सेलची वाट बघत बसलात?

जुनी_डिस्क
पूर्ण किमतीला घेतला, पहिल्याच आठवड्यात. आणि स्कल अँड बोन्स हे नव्याचं उदाहरण कसं? तो असॅसिन्स क्रीडमधल्या जहाजांच्या लढायांवरूनच निघाला होता. सात वर्षं दिशा ठरेना, हा दोष वरच्यांचा.

औंधची_मी
तुम्ही दोघं पॅरिस आणि माँट्रियलचं बोलताय. आपल्या दारातलं कुणी बोलेल का? सॅंड्स ऑफ टाइमचा रिमेक यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा इथल्या आर्टिस्ट लोकांमध्ये काय आनंद होता! दुसऱ्यांच्या गेमचं टेस्टिंग करणाऱ्या शहराला पहिल्यांदा एवढं मोठं काम मिळालं होतं. मे २०२२ मध्ये ते माँट्रियलला गेलं. जानेवारी २०२६ मध्ये रद्दच झालं.

रात्रपाळी
कारण ट्रेलर भिकार होता, ताई. चेहरे मेणाचे, प्रकाशयोजना दहा वर्षं जुनी. संधी मिळाली आणि घालवली. प्रत्येक वेळी "आपली पोरं" म्हणून पांघरूण कशाला?

औंधची_मी
पांघरूण? मी या धंद्यात काम केलंय. कंपनीचं नाव घेत नाही, ती आता पुण्यात नाही. परदेशातून यादी यायची: इतकी झाडं, इतके दगड, अमुक तारखेला द्या. गेमची गोष्ट काय आहे हेसुद्धा आम्हाला सांगायचे नाहीत. दिव्यांची मांडणी खटकते असं मी एकदा कळवलं, तर "तेवढं सोडून तुमचं काम बघा" असं उत्तर आलं. माणसांना वर्षानुवर्षं दगड करायला लावायचे आणि मग एक दिवस अख्खा राजवाडा मागायचा! ट्रेलर चांगला नव्हता, मलाही दिसतं. पण माँट्रियलच्या असॅसिन्स क्रीड युनिटीत २०१४ साली चेहऱ्यांऐवजी नुसते डोळे आणि दात दिसत होते. त्यांच्याकडून मालिका काढून घेतली का?

रात्रपाळी
युनिटीची तुलना होत नाही. तो गेम प्रचंड मोठा होता, हा तयार गेमचा रिमेक.

औंधची_मी
मग तोच सोपा रिमेक माँट्रियलला पावणेचार वर्षांत का नाही जमला?

रात्रपाळी
...हे खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ट्रेलरबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

सर्व्हरबंद
मालिका सिद्ध असो की नवी, विकत घेतलेला गेम आपला राहतो का ते आधी बोला. यूबीसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम द क्रू सर्व्हरवरच चालायचा, तो ३१ मार्च २०२४ ला बंद केला. पैसे मोजलेली डिस्क घरात आहे आणि एकट्याने गाडीसुद्धा चालवता येत नाही. यांनी तीन मालिका ठेवल्या काय आणि तीस ठेवल्या काय!

भिडस्त
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.

औंधच्या ताईंना: तुम्ही सांगताय ते वाईट आहे, मान्य. पण त्यावरून कंपनीने तोट्यात जाऊन पुण्याला शिकवावं असं निघत नाही.

औंधची_मी
शिकवा असं मी म्हटलंच नाही. तीनच मालिका उरल्या की त्यांची सूत्रं जिथे आहेत तिथेच राहणार. पुण्याच्या वाट्याला पुन्हा दगड. नवीन छोटा गेम हीच एक जागा होती जिथे नवख्या टीमला स्वतः ठरवता आलं असतं.

जुनी_डिस्क
आणि ती जागा बाहेरचे घेतात. क्लेअर ऑब्स्क्यूर हा गेम करणारे गियोम ब्रोश यूबीसॉफ्टमध्येच होते. बाहेर पडले, माँपेलियेत छोटी टीम जमवली आणि २०२५ च्या द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांत त्यांचा गेम वर्षातला सर्वोत्तम ठरला.

भिडस्त
एक ब्रोश यशस्वी होतो, त्याच्यामागे बुडालेले किती, त्यांची नावं कुणी धाग्यात लिहीत नाही. तरी एवढं देतो: लॉस्ट क्राउनची टीम मोडायला नको होती. ती माणसं एकत्र ठेवून त्यांना यूबीसॉफ्टच्याच रेमन मालिकेचा नवा गेम द्यायचा होता. तीही जुनी मालिकाच आहे, १९९५ ची.

जुनी_डिस्क
रेमन तुमच्या तीनमध्ये नाही.

भिडस्त
मग चार करा.