गाठ परत आली म्हणजे पहिलं ऑपरेशन नीट झालं नव्हतं?

'काढलेली गाठ परत आली म्हणजे सर्जनने हलगर्जीपणा केला' असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. आमच्या दाजींच्या मांडीत लिंबाएवढी गाठ होती, दुखत नव्हती, यंत्रमागावर उभं राहून काम, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. इथे सोलापुरातच चरबीची गाठ म्हणून भूल देऊन अर्ध्या तासात काढली, त्याआधी एमआरआय नाही, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) नाही. अकरा महिन्यांनी त्याच टाक्याखाली परत. तेव्हा कळलं की मिक्सोफायब्रोसारकोमा, म्हणजे सारकोमा या मऊ भागांच्या कॅन्सरचा एक प्रकार, आणि हा प्रकारच असा की कडेला स्नायूंच्या आवरणातून शेपटासारखा पसरतो, डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून भोवतालच्या निरोगी भागाची चांगली रुंद कड घेऊन काढला तरी परत येऊ शकतो.

पण कुणी बोलतच नाही ती गोष्ट म्हणजे पहिल्या ऑपरेशनचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे काढलेल्या गाठीचे लॅबने मेणात आणि काचेवर जपलेले नमुने. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेलो तर पहिला प्रश्न हाच, ब्लॉक कुठायत? आम्ही नुसता रिपोर्टचा कागद घेऊन गेलेलो. दाजींना तिथेच बसवून मी परत सोलापूरला, लॅबवाल्याच्या मागे लागून दोन दिवसांनी मिळवले. मग छातीचा सीटी (सारकोमा पसरला तर बहुतेक आधी फुफ्फुसात जातो), आधी पाच आठवडे रेडिएशन, नंतर जुन्या व्रणासकट मोठं ऑपरेशन, प्लास्टिक सर्जननं जखम झाकायला पाठीचा तुकडा लावला. पाय वाचला, चालतात, थोडं लंगडतात. आता दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि ब्लॉकचा डबा आमच्याच कपाटात.