इतिहासातल्या गाजलेल्या प्रसंगांवरचे उतारे: उत्तरं बरोबर, पण वाचन होतंय का?

लेकीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी बारा वर्षांची आहे. आकलनाच्या सरावासाठी मी तिला इतिहासातल्या प्रसिद्ध प्रसंगांवरचे उतारे देते. चंद्रावरचं पहिलं पाऊल, टायटॅनिक, राइट बंधूंचं उड्डाण, बर्लिनची भिंत, असे. विषय तिच्या आवडीचे आहेत, त्यामुळे बसते, कुरकुर करत नाही, आणि बहुतेक प्रश्न बरोबर सोडवते. पण मधमाश्यांवरचा किंवा एखाद्या कालव्यावरचा साधा उतारा दिला की गाडी अडते. उत्तर चक्क तिसऱ्या ओळीत असतं आणि हिला दिसत नाही. आता शंका येतेय की इतिहासाच्या उताऱ्यांत ती वाचतच नाही, आधीच माहीत असलेलं लिहून मोकळी होते. हे उतारे बंद करू का? की मी स्वतः तयार करू? करायचे तर त्यात काय असावं?

सरळवाट

बंद कशाला करता? मला एक साधी युक्ती उपयोगी पडली. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. काय शोधायचं ते डोक्यात असलं की वेळ वाचतो आणि उत्तरं चुकत नाहीत. परीक्षेत तरी याचा फार फायदा होतो.

खडूफळा

मी भाषा शिकवते आणि उतारे रचणं हा माझा जुना रोग आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

ताई, शंका रास्त आहे आणि ती तपासायला पाच मिनिटं पुरतात. उतारा झाका आणि नुसते प्रश्न तिच्यापुढे ठेवा. जे बरोबर येतील त्यांवर काट मारा. ‘चंद्रावर पहिलं पाऊल कोणी ठेवलं’, ‘टायटॅनिक कशावर आदळली’ हे आकलनाचे प्रश्न नव्हेतच. ती सामान्यज्ञानाची चाचणी आहे, उतारा तिथे शोभेला आहे. तयार पुस्तकांतले निम्मे प्रश्न या चाळणीत गळतात असं माझं मत आहे. तुम्ही स्वतः करून बघा.

म्हणून उतारे टाकू नका, प्रश्न बदला. प्रसंग गाजलेला असणं ही अडचण खरी, पण तीच वापरून घेता येते. मुलाला वाटतं, मला हे माहीत आहे. मग उताऱ्यात त्याच्या माहितीला धक्का देणारं काहीतरी ठेवायचं.

टायटॅनिकचंच घ्या. ‘होड्या कमी का होत्या?’ असं विचारलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं: जहाज बुडणारच नाही अशी मालकांना घमेंड होती. आता उताऱ्यात हे लिहा. त्या काळच्या ब्रिटिश नियमांत होड्यांची संख्या प्रवाशांवरून ठरत नसे, जहाजाच्या टनांवरून ठरे. नियमांतली शेवटची पायरी १०,००० टनांची होती. त्यापुढे जहाज कितीही मोठं असलं तरी १६ होड्या पुरेशा धरल्या जात. टायटॅनिक ४६,००० टनांची होती आणि तिच्यावर २० होड्या होत्या. मग प्रश्न विचारा: होड्यांच्या संख्येबाबत कंपनीने नियम मोडला होता का? कोणत्या वाक्यावरून म्हणता? जो मनातली टायटॅनिक वाचतो तो हमखास ‘हो’ लिहितो. जो समोरची वाचतो त्याला ‘नाही’ लिहावं लागतं, आणि मग चूक नियमाचीच होती की काय या विचाराशी तो आपोआप येतो.

त्याच उताऱ्यात आणखी दोन आकडे लांब लांब ठेवा. एका परिच्छेदात, सगळ्या होड्यांत मिळून ११७८ माणसं मावत होती. दुसऱ्यात, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे कार्पेथिया जहाजाने सुमारे ७०० जणांना वाचवलं. विचारा: होड्या कमी होत्या हे एकच कारण पुरेसं आहे का? दोन्ही आकडे एकत्र आणल्याशिवाय उत्तर निघत नाही. जमलं नाही तर एक ओळ वाढवा, की सर्वांत आधी पाण्यात सोडलेल्या होडीत ६५ जणांची जागा होती आणि ती तीसही माणसं न घेता निघाली. मोठी मुलं इथे वाद घालायला लागतात. घालू द्या. फक्त प्रत्येक वेळी ‘कुठे लिहिलंय, बोट ठेव’ एवढं म्हणत राहा.

दुसरी गोष्ट. प्रसिद्ध क्षण सोडा, त्याच्या आधीचा नाहीतर नंतरचा अर्धा तास घ्या. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली हे मुलांना ठाऊक असतं. कशी, ते क्वचितच. मी लिहिलेला उतारा देते, हवा तर वापरा:

‘९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्व बर्लिनमधली एक पत्रकार परिषद दूरचित्रवाणीवर थेट दाखवली जात होती. सत्ताधारी पक्षाचे गुंटर शाबोव्स्की शेवटी शेवटी एक कागद वाचू लागले. नागरिकांना परदेशी जाण्याचे नियम सैल होणार होते. नियमांवर चर्चा झाली तेव्हा ते हजर नव्हते. ही बातमी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत राखून ठेवायची आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. हे कधीपासून लागू, असं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, असं सांगून टाकलं. रात्री तपासनाक्यांवर गर्दी उसळली. पहारेकऱ्यांना कसलाच आदेश मिळाला नव्हता. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावरून हाराल्ड येगर हे अधिकारी वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिले. साडेअकराच्या सुमारास त्यांनी फाटक उघडायला लावलं.’

आता प्रश्न. शेवटच्या वाक्यातले ‘त्यांनी’ म्हणजे कोण: शाबोव्स्की, वरिष्ठ की येगर? (वाचून हसू नका, इथे वर्ग तीन गटांत फुटतो.) नियमांवरची चर्चा, पत्रकार परिषद आणि गर्दी यांतलं सर्वांत आधी काय घडलं? ठरल्याप्रमाणे झालं असतं तर लोकांना ही बातमी केव्हा कळली असती? नाक्यावरची गर्दी आणि चाळलेले कागद यांचा संबंध दोन वाक्यांत सांगा. आणि एक खोडसाळ प्रश्न: भिंत कोणत्या साली बांधली? याचं बरोबर उत्तर आहे ‘उताऱ्यात दिलेलं नाही’. हुशार मुलं १९६१ लिहितात आणि गुण गमावतात.

सरळवाट यांच्या युक्तीबद्दल. परीक्षेच्या खोलीत ठीक आहे, तिथे घड्याळ चालू असतं. सरावात मात्र मी ती करू देत नाही. प्रश्न आधी वाचला की मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतं, तो सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलतं आणि उतरवतं. यात वाचन होत नाही, हरवलेली किल्ली शोधल्यासारखं होतं. यावर उपाय प्रश्न घालणाऱ्याच्या हातात आहे. उताऱ्यातले शब्द प्रश्नात वापरायचेच नाहीत. ‘राखून ठेवायची’ असं उताऱ्यात असेल तर प्रश्नात ‘लोकांना केव्हा कळली असती’ असं यावं.

राइट बंधूंचाही एक चांगला उपयोग आहे, तो थोडक्यात. १४ डिसेंबर १९०३ ला नाणेफेक विल्बरने जिंकली, पण त्याचा प्रयत्न फसला आणि विमानाचं थोडं नुकसान झालं. १७ तारखेला पहिल्यांदा ऑर्व्हिल उडाला: १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवसाचं चौथं उड्डाण विल्बरचं, ५९ सेकंद, ८५२ फूट. ‘पहिलं उड्डाण कोणी केलं’ हे विचारू नका. ‘नाणेफेक हरूनही पहिल्या उड्डाणाचा मान ऑर्व्हिलला कसा मिळाला?’ हे विचारा.

शंकासुर

खडूफळा यांचं बरंचसं पटलं, पण माहितीला एवढं शत्रू ठरवू नये. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी एक प्रयोग केला होता. शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळ चांगला माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलन हे नुसतं कौशल्य नाही, विषयाची ओळखही त्यात आहे. कदाचित ताईंची मुलगी वाचनात कच्ची नसेलच. कालवा, पाणलोट, उपसा हे शब्दच तिच्या ओळखीचे नसतील. मग प्रश्नांची चाळणी लावून काय होणार?

लेकीची_आई

सगळ्यांचे आभार. काल उतारा झाकून जुने प्रश्न विचारले. जवळजवळ सगळे सुटले, आणि वर ‘आई, आज उतारा द्यायला विसरलीस’ हे ऐकून घ्यावं लागलं. मग बर्लिनचा उतारा दिला. ‘त्यांनी’ला तिने शाबोव्स्की लिहिलं. १९६१ तर ठासून लिहिलं आणि चूक म्हटल्यावर भांडली, ‘पण बरोबरच आहे ना!’ यावर काय सांगू? आणि शंकासुर म्हणतात तेही खरं वाटतं. मधमाश्यांच्या उताऱ्यात ‘परागकण’ला अडली होती, ते मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

खडूफळा

शंकासुर, तुमचं म्हणणं मान्य, आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधात ते जात नाही. माहिती वाचायला मदत करते तेव्हा ती हवीच. ती वाचण्याऐवजी वापरली जाते तेव्हा मी चाळणी लावते. अनोळखी विषयाचा उतारा देताना अडणारे दोन-तीन शब्द आधीच बोलून घ्यावेत, त्यात काही फसवणूक नाही. परागकण म्हणजे काय हे ठाऊक नसण्याची शिक्षा आकलनाच्या गुणांत कशाला?

ताई, त्यापुढे एक करा. रोज नवा विषय देऊ नका. टायटॅनिक तिला आवडते ना? मग काही दिवस तिथेच राहा, पण हळूहळू अनोळखी प्रदेशात सरका. आधी बुडण्याची रात्र. मग बिनतारी संदेश कसे जात. मग १९१४ मध्ये समुद्रातल्या हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली, ती. मग हिमनग मुळात कसा तुटतो. शेवटचा उतारा शुद्ध भूगोल-विज्ञानाचा असेल आणि तो वाचताना तिला परकं वाटणार नाही. कालव्यालाही असंच एखादं दार सापडेल. १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा बघा, गोष्ट तिथून सुरू करा आणि पाण्याच्या पातळीपर्यंत या.

‘त्यांनी’ची चूक सगळे करतात, कारण शाबोव्स्की उताऱ्याचा नायक वाटतो. तिला वाक्याच्या उलट दिशेने चालायला सांगा: फाटक उघडलं, कुठलं फाटक, त्या नाक्यावर कोण होतं. मी सर्वनामांभोवती गोल काढून बाण मागे न्यायला लावते. कागद घाण होतो, होऊ दे.

१९६१ बद्दल भांडली ते मला आवडलं. तिला सांगा की उत्तर जगात बरोबर आहे, या कागदावर नाही. पटायला वेळ लागतो. इजिप्तचा प्राचीन राजा तुतानखामुन याच्या थडग्याचा उतारा त्यासाठी चांगला. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला थडगं सापडलं. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला वारले. डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली आणि जखम चिघळली होती. थडगं उघडल्याच्या शापाने ते गेले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. थडग्यात सर्वांत जास्त वावरलेला कार्टर १९३९ पर्यंत जगला. एवढं लिहा आणि तीन विधानं द्या: शापामुळे मृत्यू झाला, शापामुळे मृत्यू झाला असं छापून आलं, शाप खोटा होता. प्रत्येकापुढे तिने लिहायचं: उतारा हे म्हणतो, म्हणत नाही, की वाचणाऱ्याने काढलेला हा निष्कर्ष आहे. तिसऱ्या विधानावर अडेल, कारण ते आपल्याला सगळ्यांना पटलेलं असतं, पण उताऱ्यात ते वाक्य नाही. कार्टरच्या आयुष्यावरून तो निष्कर्ष आपण काढतो.

आणि ‘उताऱ्यात दिलेलं नाही’ हे उत्तर असलेला प्रश्न कधी ठेवा, कधी ठेवूच नका. दरवेळी एक असतोच हे कळलं, की मुलं वाचायचं सोडून तोच हुडकत बसतात.