विषय: डिसेंबरच्या सहलीतला कुंकळ्ळीचा थांबा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये आपण सगळे गोव्यात जमणार आहोत, त्या सहलीचा कार्यक्रम पक्का करत आणला आहे. बस मडगावहून सकाळी ८ वाजता सुटेल. कुंकळ्ळीच्या स्मारकाचा थांबा मात्र मी काढला आहे. जागा लहान, बांधकाम २००३ सालचं. वारसा म्हणावा इतकं ते जुनं नाही आणि मुलं तिथे कंटाळतील. तो वेळ जुन्या गोव्याला देता येईल. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.

सचिव, लंडन

---

अरे बाबा, माझी हरकत आहे, आणि ती थोडी सविस्तर लिहितो.

स्मारक २००३ चं, हे खरं. पण ज्यांचं ते आहे ते गावकार १५८३ साली मारले गेले. म्हणजे त्यांच्या नावाने दगड उभा राहायला ४२० वर्षं लागली. तू याला नवं बांधकाम म्हणतोस, मला त्यात ती चार शतकांची वाट दिसते.

मुलांना आधी गावकार म्हणजे कोण ते सांगायला हवं. ज्यांनी रान तोडलं, खाऱ्या पाण्याला बांध घातले, मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) बसवल्या आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या त्या बांध घातलेल्या शेतात, भात पिकवलं, ते गावचे पहिले वसणारे. त्यांच्या वंशाचे वांगड, म्हणजे कुळं, झाली आणि वांगडांनी मिळून गाव चालवला. पोर्तुगिजांनी १५२६ साली ही रीत सनदेत लिहून घेतली. चार माणसं एका ओसाड बेटावर आली आणि त्यांनी ते लागवडीला आणलं, अशी गावकारांच्या मुळाची हकिकत त्या सनदेतच आहे. गोव्यात या पहिल्या माणसांचे पुतळे कोणी उभारले नाहीत. त्यांना आपण ग्रामपुरुष म्हणून देवळाच्या आवारात बसवलं आणि नारळ ठेवला.

आता कुंकळ्ळीकडे येतो. पोर्तुगीज राजवटीत देवळं मोडली जात होती. १५ जुलै १५८३ रोजी गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांना, मारलं. त्यांतला रोदोल्फो आक्वाव्हीवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या सोळा मुखियांना बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. एकाने साळ नदीत उडी घेतली आणि तो कारवारच्या बाजूला निसटला, असं गावात सांगतात. पाचही जेझुइटांना १८९३ मध्ये रोमने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांची पत्रं आहेत, चरित्रं आहेत. मुखियांच्या बाजूने लिहिणारा कोणीच नव्हता.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. कुंकळ्ळी, वेरोडा, आसोळणा, वेळ्ळी, आंबेली या गावांची जमीन नंतर काढून घेऊन एका पोर्तुगीज सरदाराला दिली. इतर गावांत गावकारी टिकली. कोमुनिदादीचं (गावकारांच्या संस्थेचं) दफ्तर राहिलं, झोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, मिळत राहिलं, नोंदीत पणजोबाचं नाव सापडतं. इथे माणसं गेली आणि त्यांच्यामागे गावकारीही गेली. म्हणून ही जागा कितीही लहान असली तरी तिला दुसऱ्या कुठल्या जागेची भरपाई नाही. माझी आजी कुंकळ्ळीची. ती आसोळण्याचं नाव घेताना आवाज खाली करायची, आणि का, ते मला चाळिशीत कळलं. आपल्या नातवंडांना ते बाराव्या वर्षीच कळावं, एवढ्यासाठी थांबा हवा.

काका, मडगाव

---

काकांना नमस्कार.

मी कुंकळ्ळीची माहेरवाशीण, आता मस्कतला असते. काकांच्या पत्राने डोळे भरून आले. मला थोडी भर घालायची आहे.

देऊळ मोडल्यावर आमची शांतादुर्गा तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर असलेल्या फातर्प्याला गेली. तरी ती अजून कुंकळ्ळीकरीणच आहे. वर्षातून एकदा, शिगम्याच्या दिवसांत, पालखी गावात येते आणि तिच्यासोबत बारा वांगडांच्या बारा छत्र्या. याला आम्ही सोंत्रयो म्हणतो. घाटीवरून गुलाल उडायला लागला की आई चुलीवरचं भांडं तसंच टाकून रस्त्यावर यायची. शेजारची ख्रिस्ती माणसंही त्याच गुलालात लाल झालेली असायची, कारण मुळं एकच. दगड २००३ साली बसला, पण स्मारक आधी खांद्यावरून फिरतच होतं.

आणि एक विनंती. मारल्या गेलेल्या त्या पाद्र्यांच्या स्मृतीचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, हेही गावातच आहे. मुलांना तिथेही न्यावं. तिथे मेलेलीही माणसंच होती. एकच बाजू दाखवून आणलं तर मुलं पुढे आपल्यालाच विचारतील.

देव बरें करूं.

---

काका, ताई,

माझी चूक झाली. बांधकामाचं साल पाहिलं आणि पुढचं काही विचारलंच नाही.

बदल असा: बस ८ ऐवजी साडेसातला सुटेल. आधी आसोळण्याला साळ नदीच्या काठी थांबू, मग कुंकळ्ळीचं स्मारक आणि कपेल, दुपारी फातर्पा. जुनं गोवं दुसऱ्या दिवशी ज्यांना हवं त्यांनी करावं. काका, नदीकाठी मुलांशी तुम्ही बोलाल का? ताई, छत्र्यांबद्दल जे लिहिलंत ते बसमध्ये सांगाल? माइकची सोय करतो.

सचिव