पंपाच्या ऑटो कंट्रोलरचा पीसीबी: घरी बनवू की ऑर्डर करू?

प्रश्न

नमस्कार मंडळी. तासगावकडं आमची द्राक्षबाग आहे. लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. शेततळं भरलं की मोटर आपोआप बंद व्हावी आणि विहिरीचं पाणी खाली गेलं तरी बंद व्हावी, यासाठी एक सर्किट केलंय. एटीमेगा ३२८ मायक्रोकंट्रोलर चिप, पाण्याची पातळी ओळखणारे दोन फ्लोट आणि दोन रिले (विजेवर चालणारे स्विच), त्यातला एक स्टार्टरच्या हिरव्या बटणाचं काम करतो, दुसरा लाल बटणाचं. डॉटेड बोर्डवर जोडून तीन महिने चालवलं. सर्किट बरोबर आहे, पण मोटरच्या हादऱ्यानं खालच्या वायर सुटतात. आता कायकॅड या सॉफ्टवेअरमध्ये ८० बाय ६० मिमीचा दोन थरांचा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांचा छापील सर्किट बोर्ड, काढलाय. तीन नग हवेत: आमचा, चुलत्यांचा आणि एक जादा. इस्त्रीनं कागदावरची छपाई तांब्यावर उतरवून आणि बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवून घरी करावा की सरळ ऑर्डर द्यावी?

प्रतिसाद १

ऑर्डर द्या. दोन थर घरी जुळवण्यात रविवार जातो आणि तरी भोकं सरकतात.

प्रतिसाद २

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. दरवर्षी मुलांचे ढीगभर बोर्ड फेरिक क्लोराइडमधून काढते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरी बोर्ड करायला मला मनापासून आवडतं. इस्त्री केलेला बोर्ड पाण्यात टाकला की दहा-पंधरा मिनिटांत कागद फुगतो. अंगठ्यानं हळूहळू चोळला की त्याचा लगदा निघून येतो आणि तांब्यावर काळ्या रेघा उरतात. ते पाहताना मुलांचे चेहरे बदलतात. आपलं चित्र आता सर्किट होणार, हे त्यांना तिथं पहिल्यांदा कळतं. पण तुमचा बोर्ड विहिरीवर राहणार आहे. घरच्या बोर्डाला वरचा हिरवा थर, म्हणजे सोल्डर मास्क, नसतो. दमट हवेत उघडं तांबं काळं-हिरवं पडतं. शिवाय घरी भोकांना आतून तांबं चढत नाही. प्रत्येक व्हायामध्ये, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या भोकात, तार घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करावं लागतं, आणि रिलेच्या पोटाखालच्या वरच्या बाजूला तर सोल्डरिंग गन पोचतच नाही.

म्हणून मी दोन टप्पे सुचवते. आधी एकाच थराचा, वरून जंपर (जोडतारा) टाकलेला एक बोर्ड घरी करा आणि टेबलावर बारा व्होल्टच्या अॅडॅप्टरवर तपासा. मेन्स, म्हणजे लाईनची वीज, त्याला लावू नका. रेघा ०.८ मिमीच्या ठेवा, रेझिस्टर-आयसीला ०.८ चा ड्रिल आणि कनेक्टरला १ चा. तळाच्या थरावर एखादा शब्द लिहून ठेवा. छापलेल्या कागदावर तो आरशातल्यासारखा उलटा दिसला पाहिजे, तरच तांब्यावर सुलट उमटतो. दरवर्षी निम्मी मुलं इथंच चुकतात.

द्रावण प्लॅस्टिकच्या ट्रेमध्येच करा, स्टीलचं भांडं ते खातं. हातमोजे, चष्मा घाला. वापरलेल्या द्रावणाबद्दल मात्र हात जोडून सांगते. तुम्ही द्राक्षवाले, मोरचूद तुम्हाला ठाऊक आहे. त्यातलं तांबं या द्रावणातही उतरलेलं असतं. ते मोरीत ओतू नका, विहिरीच्या आसपास तर नाहीच. धुण्याचा सोडा थोडाथोडा घाला, फेस थांबला की साका बसू द्या आणि तो बाटलीत बंद करून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आम्ही कॉलेजात तसंच करतो.

मग ऑर्डर. चीनमधल्या कंपन्या साधारण पाच नगांपासून देतात आणि १०० बाय १०० मिमीच्या आतला दोन थरांचा बोर्ड स्वस्तात पडतो. कुरिअर आणि कस्टम्सचा खर्चच बोर्डापेक्षा मोठा होतो. आपल्याकडे गुजरात आणि बेंगळुरूमध्येही करून देणारे आहेत, कस्टम्सची वाट बघायची नसेल तर तिकडे भाव विचारा.

गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइली) पाठवण्याआधी बोर्ड खऱ्या मापात कागदावर छापा, थर्माकोलवर चिकटवा आणि हातातले पार्ट त्यात टोचून बघा. हे मी एकदा केलं नव्हतं. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतला रिलेचा फूटप्रिंट (पिनांच्या भोकांचा आराखडा) डोळे झाकून घेतला आणि दहा बोर्ड मागवले. पाकीट उघडून पहिला रिले बसवायला गेले, तर कॉइलच्या दोन पिना भोकांच्या बाहेर. सगळे दहा तसेच. विभागाचे पैसे होते, फार वाईट वाटलं. तेव्हापासून लॅबमध्ये थर्माकोल दाखवल्याशिवाय मी कुणाची फाइल पुढं जाऊ देत नाही.

आणि रिलेच्या मेन्सच्या पिना व कंट्रोलरच्या रेघा यांत निदान ६ मिमी अंतर ठेवा. रिलेखाली बोर्डात खाच मागता येते, तीही मागा. धूळ आणि ओल बसली की तांब्याच्या दोन रेघांमधल्या पृष्ठभागावरूनच करंट सरपटतो. रात्री अंधारात त्या पेटीला हात लावणारा माणूस तुमच्याच घरचा असणार.

प्रतिसाद ३

ताईंनी सांगितलंय त्यात एक भर. मी मोटर रिवाइंडिंग आणि स्टार्टरची कामं करतो. भाऊ, स्टार्टरची कॉइल किती व्होल्टची आहे ते आधी बघा. थ्री फेजच्या बऱ्याच स्टार्टरांत ती दोन फेजवर, म्हणजे ४१५ वर असते. बटणाच्या वायरवरही तेवढाच दाब येतो. तुमच्या त्या निळ्या चौकोनी रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो ४१५ वर चालवू नका, आज ना उद्या कॉन्टॅक्ट चिकटतो आणि मोटर बंदच होत नाही. विहीर कोरडी पडून मोटर चालू राहिली तर खर्च कुठं जातो ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आज लाईट गेल्यावर मेन स्विच काढला आणि स्टार्टर उघडला. कॉइलवर ४१५ च लिहिलंय. म्हणजे माझा रिले बदलायलाच हवा. बोर्ड कागदावर छापून थर्माकोलवरही टोचला. आयसीचा बेस बसला, पण स्क्रू टर्मिनलच्या पिना जाड निघाल्या, १ मिमीच्या भोकात जात नाहीत. ४१५ ला चालणारा रिले बोर्डवरच घ्यावा की बोर्डावरच्या रिलेनं बाहेर पेटीत वेगळा छोटा कॉन्टॅक्टर (जास्त दाबाला चालणारा रिलेसारखा स्विच) ओढावा?

प्रतिसाद ३

बाहेर पेटीत घ्या. ४१५ बोर्डावर आणायचंच कशाला? तुमचा निळा रिलेही लागत नाही मग. कॉन्टॅक्टर बारा व्होल्टच्या कॉइलचा, पण कॉन्टॅक्ट ४१५ ला चालणारा घ्या. खराब झाला तर स्क्रू ढिले करून बदलता येतो.

प्रतिसाद २

हेच करा. बोर्डवर मग फक्त बारा व्होल्ट राहतात. त्या कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका, नाहीतर ट्रान्झिस्टर जाईल. टर्मिनलची भोकं १.३ करा आणि पुन्हा एकदा थर्माकोलवर टोचून बघा.